ज्ञानाचें सामायिक खळें

सोलापुराहून पुण्याच्या वाटेला लागलेल्या प्रवाशाला सीना नदी ओलांडल्यावर थोड्याच वेळांत मोहोळ गांव लागतें. नागनाथाच्या भक्तांना तें वडवळच्या शेजारचें क्षेत्र म्हणून माहीत असतें. आगगाडीच्या उतारूंना कुर्डुवाडी-सोलापूर मार्गावरील स्टेशन म्हणून. परंतु काळ्या रानांत रब्बीची ज्वारी पेरणाऱ्या शेतकऱ्याच्या लेखीं मोहोळाचें महत्त्व निराळेंच आहे. १९३० नंतरच्या दशकांत याच ठिकाणीं स्थानिक मालदांडी ज्वारींतून निवड करून ‘मालदांडी ३५-१’ हा वाण सिद्ध करण्यांत आला. पावसाळा सरल्यावर जमिनींत उरलेल्या ओलीवर येणारा हा वाण महाराष्ट्राच्या कोरडवाहू मुलखांत इतका रुजला कीं, पुढें अनेक दशकें रब्बी ज्वारीच्या नव्या वाणांची पारख त्याच्याशीं तुलना करूनच होत आली.

हा वाण कोणाचा, असें विचारल्यास काय उत्तर द्यावें? ज्या अभ्यासकांनीं ओळींमागून ओळी तपासून ही निवड केली, त्यांचा तो आहेच. परंतु ज्यांतून निवड झाली ती मालदांडी कोठून आली? ती शेतकऱ्यांनीं पिढ्यानुपिढ्या सांभाळली होती. खळ्यावर भरदार कणीस दिसलें कीं तें बियाण्यासाठीं बाजूला काढावें, शेजाऱ्यानें मागितल्यास ओंजळभर त्यालाहि द्यावें, आणि पुढील सालीं त्याच्या रानांत तें कसें आलें हें पाहावें, ही जुनी रीत. अज्ञात शेतकऱ्यांची ही पारख व संशोधकांची शास्त्रशुद्ध निवड या दोहोंतून एक वस्तु घडली. बीं कणगींत कुलुपबंद राहिलें असतें, तर तें किडलें असतें. वाटलें गेलें म्हणूनच सुधारलें.

विद्येचेंहि असेंच आहे काय? विद्वानांनीं मिळविलेलें ज्ञान चार भिंतींत ठेवावें, कीं सर्वांच्या हातीं द्यावें? दिल्यास त्यांत इतरांना दुरुस्ती करूं द्यावी काय? आणि दुरुस्ती केली तर तिचा जबाबदार कोण? महाजालावरील ‘विकी’ नामक पद्धतीमुळें हे प्रश्न जगभर चर्चिले गेले. परंतु महाराष्ट्राला ते नवे नाहींत. गेल्या सुमारें दीडशे वर्षांत येथील अभ्यासकांनीं त्यांचीं उत्तरें आपापल्या परीनें दिलेलीं आहेत.

१८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या सरकारनें सोलापूर जिल्ह्याचें गॅझेटियर प्रसिद्ध केलें. त्या मालेचे संपादक जेम्स कॅम्बेल होते. जमीन, पिकें, बाजार, देवळें, जुने किल्ले यांची पुष्कळ माहिती त्यांत संकलित झालेली आहे, आणि मोहोळालाहि त्यांत जागा मिळालेली आहे. त्या वेळीं मोहोळ हा स्वतंत्र तालुकाहि नव्हता. हा ग्रंथ आजहि उपयोगाचा आहे. परंतु तो लिहिला गेला इंग्रजींत, आणि मुख्यतः राज्यकारभाराच्या सोयीसाठीं. माहिती गोळा झाली ती जिल्ह्यांतून. ग्रंथ मात्र जिल्ह्यांतील सामान्य माणसाला वाचतां येण्याजोगा नव्हता. त्यांत कांहीं चूक आढळली, तर ती कोणाला कळवावी व कोणीं सुधारावी, याची सोय नव्हती. ज्ञान गांवांतून वर गेलें, पण गांवाकडे परत आलें नाहीं.

याच काळांत पुण्यांत एक निराळा उद्योग चालूं होता. १८७८ च्या जानेवारींत ‘काव्येतिहाससंग्रह’ हें मासिक निघालें. काशिनाथ नारायण साने व जनार्दन बाळाजी मोडक हीं त्याच्या संपादकांतील प्रमुख नांवें. त्या वेळीं मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें वाड्यांच्या माळ्यांवर, मठांच्या पेटाऱ्यांत आणि देशमुख-देशपांड्यांच्या रुमालांत पडून होतीं. कांहीं कसरीच्या तोंडीं जात होतीं, तर कांहीं वाण्याच्या पुड्या बांधण्यास. ‘काव्येतिहाससंग्रहा’नें बखरी, पत्रें व जुनीं काव्यें महिन्याच्या हप्त्यानें छापून काढण्याचा क्रम आरंभिला, आणि तो सुमारें अकरा वर्षें चालविला. त्याचें खरें मोल छापलेल्या पानांच्या संख्येंत नव्हतें. एकाच घरांत असलेली बखर अनेक घरीं पोंचली, आणि मूळ मजकूर समोर आल्यामुळें इतिहासकारावर नुसता विश्वास ठेवण्याऐवजीं त्याला जाब विचारणें शक्य झालें, हें तें मोल होय.

हाच विचार विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं टोंकाला नेला. वाईस मिळालेल्या कागदांच्या आधारें त्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला. त्या मालेचे पुढें २२ खंड झाले. गांवोगांव पायीं हिंडून दप्तरें धुंडाळणारा हा पुरुष आपल्या मतांविषयीं अतिशय आग्रही होता; परंतु ज्या कागदांवरून मतें बनविलीं ते कागद तो लोकांपुढें ठेवीत असे. त्यामुळें त्याचीं मतें खोडून काढण्याचें साधनहि त्यानेंच लोकांच्या हातीं दिलें. संशोधकाच्या प्रामाणिकपणाची याहून मोठी कसोटी दुसरी नाहीं. ७ जुलै १९१० रोजीं राजवाडे व खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलें. सभेंत निबंध वाचावा, त्यावर उलटसुलट चर्चा व्हावी आणि टिपणें प्रसिद्ध व्हावीं, ही रीत मंडळानें रुजविली. वकील, मास्तर, इनामदार असे नाना धंद्यांचे लोक या कामांत आले. संशोधन करण्यास पदवीची नव्हे, तर पुराव्याची गरज असते, हा पाठ महाराष्ट्रानें तेथें गिरविला.

साधनें प्रसिद्ध झालीं, तरी सर्व विद्यांचा सारांश मराठींत एकत्र कोठें मिळावा? हें काम डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनीं अंगावर घेतलें. अमेरिकेंत उच्च शिक्षण घेऊन परतलेल्या या विद्वानाजवळ ना संस्थान होतें, ना सरकारचा आश्रय. त्यांनीं मर्यादित भांडवलाची मंडळी काढली, भाग विकले, वर्गणीदार मिळविले, आणि १९२० नंतर थोड्याच वर्षांत ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड पुरे केले. त्यांपैकीं पहिले पांच प्रस्तावनेचेच होते! ज्ञानकोश हें सार्वजनिक काम आहे आणि लोकांच्या लहान लहान रकमांवर तें उभें राहूं शकतें, हें केतकरांनीं दाखवून दिलें. मात्र ग्रंथ छापून झाल्यावर त्यांतील मजकूर गोठला. १९२५ सालीं जें ठाऊक होतें, तेंच १९५५ च्या वाचकाला वाचावें लागलें.

स्वातंत्र्योत्तर काळांत महाराष्ट्र राज्यानें १९६० मध्यें साहित्य संस्कृति मंडळ स्थापिलें, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखालीं वाईस मराठी विश्वकोशाचें काम सुरू झालें. त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. तज्ज्ञांकडून नोंदी लिहवून घ्याव्या, त्या संपादकांनीं पारखाव्या, भाषा एकसारखी करावी, असा हा शिस्तीचा मार्ग. त्यानें मराठीला विश्वसनीय असा मोठा ठेवा दिला. परंतु २० खंड पुरे होण्यास सुमारें चार दशकें लागलीं, आणि तेवढ्या अवधींत पहिल्या खंडांतील अनेक विषय पुढें निघून गेले. हा दोष माणसांचा नव्हे, तर छापील कागदाच्या स्वभावाचा होय.

छापील ग्रंथाची ही मर्यादा सोलापूर जिल्ह्यांतीलच एका उदाहरणानें स्पष्ट होते. मराठींतील आद्य शिलालेख कोणता? फार दिवस श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशीं कोरलेल्या लेखाचें नांव शाळेंतील मुलेंहि सांगत. पुढें तो लेख मानला जातो त्याहून उत्तरकालीन असावा, असें मत कांहीं अभ्यासकांनीं मांडलें. अलिबागेजवळील आक्षी येथील लेखांत शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असें वाचन डॉ. शं. गो. तुळपुळे यांनीं केलें. परंतु तेथील आंकड्यांच्या वाचनाबद्दलहि मतभेद झाले. तुळपुळ्यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा मोलाचा ग्रंथ १९६३ सालीं प्रसिद्ध झाला. आणि त्यानंतर सोलापूरचे आनंद कुंभार यांनीं हत्तरसंग-कुडल येथील शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा, मराठी वाक्य असलेला लेख अभ्यासकांच्या नजरेस आणला. मोहोळ तालुक्यांतून वाहणारी सीना जेथें भीमेला मिळते, त्याच संगमावरील संगमेश्वराच्या देवळांत हा लेख आहे. कुंभार विद्यापीठांतील अध्यापक नव्हते. नोकरी सांभाळून जिल्ह्यांतील लेख शोधण्याचा त्यांचा हा व्यासंग होता.

म्हणजे एका साध्या प्रश्नाचें उत्तर कांहीं दशकांत कितीतरी वेळां बदललें. प्रत्येक वेळीं ज्ञान पुढें गेलें; परंतु जुनें पुस्तक मात्र कपाटांत होतें तसेंच राहिलें, आणि त्यावरून शिकणारा विद्यार्थी जुनेंच उत्तर लिहीत राहिला. शोध लागणें व शोध पोंचणें यांत कधीं कधीं पिढीचें अंतर पडतें. ‘विकी’चा उपयोग समजावयाचा तो या अंतराच्या संदर्भांत.

२५ मार्च १९९५ रोजीं अमेरिकेंतील वॉर्ड कनिंगहॅम या संगणकतज्ज्ञानें महाजालावर एक विलक्षण वही उघडी केली. तिचें पान ज्याला वाचतां येई, त्याला तें बदलतांहि येई. हवाई बेटांच्या भाषेंत ‘विकी’ म्हणजे जलद. तेंच नांव त्यानें या वहीला दिलें. पांच वर्षांनीं अमेरिकेंतच ‘नुपीडिया’ नांवाचा एक ज्ञानकोश निघाला. त्यांत प्रत्येक लेख तज्ज्ञांच्या सात पायऱ्यांच्या परीक्षणांतून जावयाचा होता. परिणामीं पहिल्या वर्षांत दोन डझन लेखहि पुरे झाले नाहींत. तेव्हां त्याच्या जोडीला १५ जानेवारी २००१ रोजीं ‘विकिपीडिया’ सुरू करण्यांत आला. मूळचा कोश मागें पडला, आणि ही जोडीची वही जगांतील सर्वांत मोठा ज्ञानकोश होऊन बसली. १ मे २००३ रोजीं, महाराष्ट्रदिनींच, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला.

विद्वानांच्या जगानेंहि या रीतीचा उपयोग हळूहळू करून पाहिला. २००९ च्या आरंभीं केंब्रिजचे गणितज्ञ टिमथी गॉवर्स यांनीं एका अवघड सिद्धांताची नवी सिद्धता शोधण्यासाठीं जगांतील सर्व गणितज्ञांना जाहीर आमंत्रण दिलें. कोणीं अर्धवट कल्पना मांडली, कोणीं तिच्यांतील चूक दाखविली, आणि जमत गेलेलें सार विकीच्या पानांवर नोंदलें गेलें. कांहीं आठवड्यांतच वाट सांपडली, आणि तो निबंध एका सामुदायिक टोपण-नांवानें २०१२ सालीं गणिताच्या अग्रगण्य नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्याच सालीं संगणकीय जीवशास्त्राच्या एका खुल्या नियतकालिकानें निराळा पायंडा पाडला. तज्ज्ञांनीं पारखलेला लेख नियतकालिकांत लेखकांच्या नांवानें कायम राहावा आणि तोच विकिपीडियावर पुढील सुधारणेसाठीं खुला व्हावा, अशी ही दुहेरी योजना होती. एक प्रत ऐतिहासिक पुरावा म्हणून स्थिर राहते आणि दुसरी वाढत जाते. ज्ञानकोशाच्या गोठण्यावरचा हा उपाय केतकरांना खात्रीनें आवडला असता.

भारतांतहि अशीं पावलें पडलीं. २०१३ सालीं गोवा विद्यापीठानें आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याखालीं खुला केला. श्रेयाचा उल्लेख करून व त्याच अटींवर तो कोणालाहि वापरतां, वाढवितां व पुन्हां प्रसिद्ध करतां यावा, अशी सोय त्यामुळें झाली. केतकरांचें निधन १९३७ सालीं झालें. कायद्यानें सांगितलेलीं साठ वर्षें संपून १९९८ च्या आरंभीं त्यांचें लेखन स्वामित्वहक्कांतून मुक्त झालें. यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठाननें त्यांचा ज्ञानकोश महाजालावर आणला. मराठी विकिस्रोतावर तर जुन्या ग्रंथांचें काम जवळजवळ पोथी-शोधनाच्या धर्तीवर चालतें. एका बाजूस मूळ छापील पानाचें चित्र, दुसऱ्या बाजूस टंकित मजकूर. एकानें तो ताडून पाहावा, आणि दुसऱ्यानें पुन्हां ताडल्याखेरीज पान प्रमाणित होऊं नये, असा तेथील नियम आहे. साने आणि मोडक यांना ही शिस्त ओळखीचीच वाटली असती.

या पद्धतीवरील आक्षेपहि लहान नाहींत. ज्याला लिहितां येतें त्यानें लिहावें असें म्हटलें, कीं अज्ञानी व कपटी मनुष्यालाहि दार उघडें होतें. २००५ सालीं अमेरिकेंतील एका नामांकित पत्रकाराच्या चरित्रांत कोणीं तरी खोडसाळपणें धादांत खोटा मजकूर घातला, आणि तो चार महिने तसाच राहिला. त्याच वर्षीं ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकानें ४२ विषयांवरील नोंदींची तज्ज्ञांकडून तुलना करविली, तेव्हां विकिपीडियांत १६२ व ब्रिटानिका ज्ञानकोशांत १२३ चुका आढळल्या. ब्रिटानिकाच्या चालकांनीं या तुलनेच्या पद्धतीवरच हरकत घेतली. परंतु वाद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट उरते. चुका दोन्हीकडे होत्या. फरक होता तो चूक सुधारण्याच्या वेळांत. विकीच्या प्रत्येक पानामागें त्याचा इतिहास साठविलेला असतो. कोणत्या दिवशीं, कोणत्या नांवानें वा खात्यानें, कोणता शब्द बदलला, हें तेथें पाहतां येतें, आणि वादासाठीं शेजारींच चर्चेचें पान असतें. राजवाड्यांच्या काळीं ज्या गोष्टीसाठीं सभा भरवावी लागे, ती येथें अखंड भरलेली असते.

तथापि या खुल्या दाराशीं मोहोळासारख्या गांवाची एक खरीखुरी अडचण उभी राहते, आणि तिची चर्चा फारशी होत नाहीं. विकिपीडियाचा नियम असा आहे कीं, तेथें नवें संशोधन प्रथम प्रसिद्ध करूं नये. प्रत्येक विधानाला आधीं प्रसिद्ध झालेला आधार हवा. नियम योग्य आहे. त्याच्याशिवाय कोश म्हणजे केवळ चावडीवरच्या गप्पा होतील. परंतु ज्या गांवाविषयीं फारसें छापलेंच गेलें नाहीं, त्यानें आधार आणावा कोठून? पुण्या-मुंबईच्या वास्तूंवर ग्रंथ आहेत. म्हणून त्यांचीं पानें भरलेलीं असतात. लहान गांवाच्या पानावर मात्र बहुधा लोकसंख्या, तालुका आणि जिल्हा एवढेंच उरतें. नागेश संप्रदायाच्या परंपरेंतलीं बाडें कोणाच्या देवघरांत आहेत, पडक्या देवळाच्या ओसरीवरील अक्षरें काय सांगतात, मालदांडीचें बियाणें निवडतांना जुने लोक कणसांत काय पाहत, हें जाणणारे एक एक करून निघून जातात. आधार नाहीं म्हणून लिहिलें जात नाहीं, आणि लिहिलें नाहीं म्हणून आधार होत नाहीं, असें हें दुष्टचक्र आहे.

या चक्रांतून बाहेर पडण्याची वाट १८७८ सालींच आंखून ठेवलेली आहे. आधीं साधन, मग इतिहास. घरांतील बाडाचें स्वच्छ चित्र घ्यावें, त्याचा मजकूर जसाच्या तसा उतरावा, तें कोठें मिळालें व कोणीं वाचलें याची नोंद करावी, आणि तें सर्वांच्या नजरेपुढें ठेवावें. शिलालेखाचा ठसा घेऊन त्याचें वाचन नियतकालिकांत प्रसिद्ध करावें. वृद्ध शेतकऱ्याचें सांगणें त्याच्या संमतीनें टिपून महाविद्यालयाच्या किंवा संशोधन-मंडळाच्या पत्रिकेंत छापावें. या कामाला आज छापखान्याचा खर्च लागत नाहीं. चिकाटी, संमति व सचोटी मात्र पूर्वीइतकीच लागते. एवढें झालें, कीं ज्ञानकोशाच्या पानाला आधार मिळतो, आणि त्या पानावरची चूक मोहोळाचाच एखादा शाळामास्तर पुराव्यानिशीं दुरुस्त करूं शकतो. १८८४ च्या ग्रंथांत जें वर गेलें तें अशा रीतीनें गांवाकडे परत येतें.

खळ्यावर ज्वारी आली म्हणजे ती लगेच पेवांत भरीत नाहींत. आधीं मळणी होते, मग वाऱ्यावर उफणणी होते. भूस उडून जातें, दाणा खालीं पडतो. खळें उघड्यावर असतें तें यासाठींच, कारण बंद खोलींत वारा मिळत नाहीं. विद्येच्या खळ्यावरहि भूस पुष्कळ येईल. त्याच्या भयानें खळें झांकून ठेवल्यास दाणाहि हातीं लागणार नाहीं. मात्र उफणणारा हवा, आणि तो पारखी हवा. मोहोळाच्या काळ्या रानांत अशा पारखी हातांची उणीव कधींच नव्हती. कणीस निवडणारा तो हात लेखणीकडेहि वळला, तर गांवाचें पान कोरें राहणार नाहीं.